वीतभर वर

मामाजी डोळे बांधायचे.
हे आता उलगडून सांगावं लागतं,
नाहीतर बी विंगच्या मॅडमला वाटतं
मोतीबिंदूचं काही असेल.

संत्र्याचा डोळा, बाप्पा.
जंबेरीच्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर वर
एक उभी चीर, एक आडवी,
साल किलकिली करायची दारासारखी
आणि डोळा आत सरकवायचा.
वरून पट्टी.
मग एकवीस दिवस त्याच्याकडे पाहायचंसुद्धा नाही.

दिवसाला सहाशे. शेकड्याने पैसे.
वेळाहरीपासून पार बुटीबोरीपर्यंत
झाड फळावर आलं की लोक म्हणायचे,
हा डोमाजीचा हात.

मग मोजणीवाले आले.
त्यांनीही खुंटच रोवले,
लाकडाचे, टोकाला लाल रंग.
मामाजी एका खुंटाजवळ उकिडवे बसले,
वीत लावून पाहिली.
"उंची तं बरोबर हाये," म्हणाले.
फीत धरलेला पोरगा हसला.
त्याला काय कळलं कोण जाणे.

खोटं नाही बोलणार, आम्ही रडलो नाही.
सह्या झाल्यावर रजिस्ट्री ऑफिसबाहेर
तर्री-पोहे खाल्ले,
पारबता आत्यानं तर दुसरी प्लेट मागितली.
साडेतीन एकराचे सत्तेचाळीस प्लॉट झाले.
विहीर तेवढी सुटली. धुऱ्याच्या कोपऱ्यात होती,
नकाशातली रेघ तिच्या अलीकडेच वळली.

तीच पोसते आता.
नवरा टँकर चालवतो, मी वही लिहिते:
पाच हजार लिटर, बी विंग.
पाच हजार, बी विंग.
दहा हजार, साखरपुडा, गच्चीवर.
एका उन्हाळ्यात टँकर जे देतो
ते मृग बहारानं तीन वर्षांत दिलं नव्हतं.
ज्या पाण्याच्या पाळीवरून चुलत्यांशी कुऱ्हाडी निघाल्या
ते आता पाचव्या मजल्यावर चढतं
आणि कमोडमधून खाली येतं.
गोड आहे हो ते पाणी.
कोणी चाखून पाहिलं असेल का?

मामाजी गेटवर असतात, रात्रपाळी.
निळा शर्ट, खिशावर नाव कंपनीचं.
समोर स्क्रीन, स्क्रीनवर सोळा चौकोन.
"सोळा डोये हायेत सूनबाई," मला म्हणतात,
"एकबी फुटून नाही रायला."

दिवाळीनंतर चौथ्या चौकोनात
काहीतरी हललं.
पार्किंगच्या कडेला, पेव्हर ब्लॉकच्या फटीतून,
काट्यांची फांदी.
संत्रं नव्हे. जंबेरी.
आम्ही विकलं ते झाड कधीच सरपणात गेलं होतं.
खालचा खुंट,
ज्याचं फळ कोणी तोंडात घेत नाही,
तो आला होता वर.

पेन्सिलीएवढा जाड व्हायला त्यानं वर्ष घेतलं.
गाड्या मागे घेताना कोणाचं चाक लागू नये म्हणून
मामाजींनी दोन विटा लावल्या.
पुढच्या पौषात आत्याच्या गावाहून,
काटोलपलीकडून,
ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी आली.
एसटीनं, माझ्या मांडीवर.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मला बोलावलं.
"टँकरचं नाही," म्हणाले. "हे बघा."
रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
राखाडी चित्र, आवाज नाही.
एक म्हातारा गेट सोडून आलेला,
जमिनीशी वाकलेला, तोंडात चाकू.
पंधरा वर्षं त्यांच्या घरात आहे मी,
बगिच्यात डबा नेला, पाणी नेलं,
त्यांचे हात असे
कधी पाहिले नव्हते.
थरथर फक्त येताना होती, आणि जाताना.

"हे काय चाललंय? ड्युटीवर?"
मी म्हटलं, सर, अठरा दिवस थांबा.
"मग काय होईल?"
ते मला कुठे माहीत होतं.

घरी येऊन वही उघडली.
पाच हजार, बी विंग.
एक बादली, पार्किंग.
दराच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना,
तो तसाच सोडला.